चोवीस अक्षरांत

निकोलासा तिकोना यांचा आवाज
मार्चमध्ये बसला, तो बसलाच.
एकोणीस वर्षं मिनीबसच्या दारात लटकून
त्यांनी एल आल्तो शहर मोठ्यानं म्हटलं होतं:
सेहा, सेहा, भट्टी, वाकडा पूल,
चला, एकच जागा, एकच!
डॉक्टर म्हणाला, घशात गाठी आहेत, आता गप्प राहा.
त्याच आठवड्यात पालिकेनं ॲप काढलं.

मी विल्मर. सिव्हिल, दुसरं वर्ष.
दिवसाला साठ बोलिव्हियानो आणि एक निळं जाकीट,
पाठीवर छापलेलं: 'शहर तुम्ही सांगा'.
काम सोपं. मार्गावरून जायचं,
थांबा आला की टिचकी मारायची, नाव भरायचं,
चोवीस अक्षरांच्या आत.

पण आमच्याकडे थांब्याला खांब नसतो.
बाई हात करते तिथे थांबा.
बाईचं गाठोडं जड असेल तर
थांबा चार पावलं अलीकडे येतो.

म्हणून मी त्यांच्या दारी गेलो.
त्यांनी कोकाचा काढा दिला,
आणि शालीत गुंडाळलेल्या गळ्यातून,
विस्तवावर फुंकर घालावी तसं,
एकेक नाव बाहेर काढलं.

मेलेली निलगिरी.
(ते झाड तोडूनही अकरा वर्षं झाली.)
पाव वजनात मारत नाहीत ते दुकान.
नवा बाजार, जो त्यांच्या आईपेक्षा जुना.
कुत्र्यांचं कोर्ट:
सकाळी सगळी गोल करून बसतात,
निकाल मात्र लागत नाही.

मी बोटांवर अक्षरं मोजत होतो.
ॲप लाल होऊन सांगत होतं: असा पत्ता सापडत नाही.
म्हणालो, दोन्या निकोलासा, जरा छोटं करूया का?
कर की, त्या म्हणाल्या.
तू छोटं केलंस म्हणून चढ छोटा होणार आहे का.

सत्तेचाळीस झाले.
अठ्ठेचाळिसाव्याला त्या पेल्यात बघत राहिल्या.
इथे काय हाक द्यायचात?
इथे नाही द्यायचे.
रुफिनाचा पोरगा इथे उतरला, गाडी थांबायच्या आधी.
तेव्हापासून ड्रायव्हर आपणहून हळू करतो,
उतरणारे आपणहून उतरतात.

रिकामी चौकट ॲपला चालत नाही.
मी एक टिंब ठेवलं.

ऑगस्टमध्ये लोकांना विचारलं, कोणते थांबे ठेवायचे?
दोनशेच्या खाली मतं असतील ते पुसले जातील.
भट्टीला तेराशे.
कुत्र्यांच्या कोर्टाला नऊशे बारा, आणि हसऱ्या चेहऱ्यांची रांग.
टिंबाला एकशे ब्याऐंशी.
शेवटच्या रात्री मी आईचा फोन घेतला, दोन मावश्यांचा,
खाली मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एदिल्बेर्तोनं
गिऱ्हाइकांचे आठ दिले, काच तडकलेले.
एकशे चौऱ्याण्णव.
बाराला यादी बंद झाली.

आता सेहाला गाडीत बसलं की
ला पाझच्या वळणाची कुणी बाई फोनमधून
थांबे सांगते. उच्चार स्वच्छ.
थंडीनं दात वाजत नाहीत तिचे,
जागा नसताना 'एकच जागा' म्हणत नाही ती.
लोकांना ती आवडते. मलाही, खोटं कशाला बोलू.
माझी बहीण रात्री घरी येते तेव्हा
नकाशावर तिचा हिरवा ठिपका सरकताना दिसतो,
आणि आई तोवर जेवून घेते.

काल मात्र मला एक संदेश आला.
अमुक मार्ग, सत्तेचाळिसाव्या थांब्यानंतर:
सर्व वाहनांचा वेग रोज कमी होतो. थांबा नाही.
सरासरी उशीर चाळीस सेकंद.
नागरिक म्हणून कारण कळवा.
खड्डा.
मोर्चा.
जनावरं.
इतर.

निकोलासांना नेऊन दाखवला.
चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचला,
फोन टेबलावर पालथा ठेवला,
आणि मला खूण केली,
काढा पी, गार होतोय.